भस्मगडाचा पोथीवाला

नवी पेठेमागच्या बोळात चन्नवीरचं वाचनालय होतं, आणि तिथं येणाऱ्या प्रत्येक माणसाचा भाव त्यानं मनाशी ठरवून ठेवला होता. वेणीमाधव, बँकेतनं निवृत्त झालेले: पहिलं प्रकरण आणि शेवटचं पान वाचणार, मधलं चहाच्या टपरीवर गोळा करणार. मालतीबाई, शाळेत मराठी शिकवणाऱ्या: कादंबरी कसली, उत्तरपत्रिकाच तपासतात, आणि पासापुरते गुण देऊन परत करतात. चन्नवीर स्वतः एकही पुस्तक वाचत नसे. हलवाई आपली जिलबी खात नाही, म्हणायचा. वेताच्या खुर्चीत, सायकलची ट्यूब गुंडाळलेल्या तिच्या हातावर कोपर टेकून, तो माणसं वाचायचा. त्याच्या मते त्यातली बरीचशी रद्दीत काढायच्या लायकीची होती.

‘भस्मगड’ ही त्याची चालती मालिका. राक्षस, राण्या, उडते घोडे. पहिले पाच भाग कपाटात टेकले नाहीत. सहावा मात्र पडून राहिला. बाई म्हणाल्या, लेखकानं ताकात पाणी घातलंय. वेणीमाधव म्हणाले, उलट आत्ता कुठं रंग भरतोय. शेवटच्या पानावरनं त्यांना तेवढं कळलं होतं. बाकीच्यांनी दोघांचं ऐकलं आणि पुस्तकाला हातच लावला नाही.

चन्नवीरकडं यावर इलाज होता. वाचनालयाच्या पुस्तकाचं शेवटचं कोरं पान म्हणजे गावाचा पार. तिथं कुणी पेन्सिलीनं ‘बंडल’ लिहितो, त्याखाली कुणी ‘तू बंडल’ लिहितो, आणि ज्या पुस्तकाच्या शेवटी असं भांडण असतं ते घरी न्यावंसं वाटतंच. म्हणून एका दुपारी, समोरच्या दुकानात शेंगाचटणी कुटायची धपधप चालू असताना, त्यानं डाव्या हातानं, मागं झुकलेल्या अक्षरांत लिहिलं: ‘पाचव्यातला जोर गेला. वाचू नये. — जगदेवी, सांगोला.’ मग उजव्या हातानं: ‘ज्यांना झेपत नाही त्यांनी पंचांग वाचावं. — शरणप्पा, अक्कलकोट.’ ही दोन्ही माणसं त्यानं तिथल्या तिथं जन्माला घातली होती.

भांडण पेटलं. मालतीबाई जगदेवीच्या बाजूनं, वेणीमाधव शरणप्पाच्या. एकानं नेलं की दुसरा मागायला हजर. नसलेल्या माणसांची मतं घेऊन असलेली माणसं भांडत होती, आणि चन्नवीरला हसू लपवायला तोंड फिरवावं लागत होतं.

मग एकदा पुस्तक परत करताना बाई म्हणाल्या, “तुमच्या त्या जगदेवी सांगोल्याच्या एसटीत भेटल्या. डावखुऱ्या आहेत, नाही का?”

“असतील की,” चन्नवीर म्हणाला. बाई थापा मारायला लागल्या, म्हणजे वय झालं, असा भाव त्यानं लावून टाकला. डाव्या हाताचं मात्र त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

बाई गेल्यावर त्यानं शेवटचं पान उघडलं. मागं झुकलेल्या अक्षरांत नवी ओळ होती. ‘या भागातला पोथीवाला फार बोलतो. पाचव्यात बरा होता. — जगदेवी.’ त्याखाली: ‘पहिल्यांदाच सहमत. — शरणप्पा.’

हे काही त्यानं लिहिलं नव्हतं. वेणीमाधवांचा चावटपणा असणार. निवृत्त माणसाला दुसरा उद्योग काय? त्यानं दोन्ही ओळी खोडरबरानं पुसल्या. पुस्तक एका घरी जाऊन आलं. ओळी जागच्या जागी होत्या, पहिल्यापेक्षा ठळक.

तेव्हा चन्नवीरनं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या कपाटातलं पुस्तक वाचायला घेतलं.

गडाच्या पायथ्याशी एक पोथीवाला होता. स्वतः पोथी उघडायचा नाही. येणाऱ्याजाणाऱ्याचा भाव करायचा. राणी त्याच्या लेखी उधळी, सेनापती ढोंगी, राक्षस नुसता आळशी. त्याच्या आसनाच्या हाताला काळं कातडं गुंडाळलेलं होतं. बाहेरनं कुठूनतरी सतत काहीतरी कुटल्याचा आवाज यायचा.

चन्नवीरनं पाचवा भाग काढला. तिथंही तो होता. दोनच ओळी: बसला होता, गप्प होता.

सहाव्याचं शेवटचं पान त्यानं पुन्हा उघडलं.

‘सातव्यात तो नको. — जगदेवी.’

‘नकोच. — शरणप्पा.’

त्यानं पेन्सिल डाव्या हातात धरली. जगदेवीच्या नावानं ‘असू दे’ एवढंच लिहायचं होतं. पण डाव्या हाताला तिचं अक्षर येईना. नुसत्या रेघोट्या उमटल्या.

शेवटी त्यानं स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या नावानं लिहिलं: ‘पोथीवाला चांगला आहे. त्याला ठेवावं. — चन्नवीर.’

पुस्तक मालतीबाईंनी नेलं. परत आलं ते त्याचा दुपारी डोळा लागलेला असताना. जाग आली तेव्हा टेबलावर पडलं होतं. त्याच्या ओळीखाली लाल शाईत, बाईंच्या त्या उत्तरपत्रिकेवरच्या गोल अक्षरात, दोनच शब्द होते.

‘कोण चन्नवीर?’

पुढं एका सकाळी बाई आल्या त्या मंडईतनं. एका हातात भाजीची पिशवी, काखेत कोरा करकरीत सातवा भाग.

“या बाई,” चन्नवीर खुर्चीतनं म्हणाला. “हे कुठनं आणलं?”

बाई कपाटाकडं बघत होत्या. दारातनं वेणीमाधवांनी विचारलं, कसा आहे सातवा?

“सहाव्यापेक्षा बरा,” बाई म्हणाल्या. “मोकळा वाटतो.”

वेणीमाधवांनी पुस्तक हातात घेऊन शेवटचं पान पाहिलं आणि म्हणाले, तेही खरंच. तेवढ्यावरनं त्यांनाही तसंच वाटलं. भस्मगडाबाबत दोघांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ.

बाईंनी पिशवी चन्नवीरच्या मांडीवर ठेवली आणि त्या दोन्ही हातांनी कपाट चाळू लागल्या.

पिशवीतली चुक्याची जुडी ओली होती. चन्नवीरनं खाली पाहिलं. त्याचं धोतर कोरडंच होतं. पाणी खुर्चीच्या वेतावर ठिबकत होतं.