साहेब सगळ्यांचं ऐकायचे

नगराध्यक्ष खुर्चीतच मेले. दुसरीकडे मरणार तरी कुठे? इतक्या निवडणुका झाल्या, उपनगर वाढलं, नळ आटले, पण खुर्चीतला माणूस हलला नाही. शेवटी कोणीतरी मागून डोक्यात सत्काराचं पितळी स्मृतिचिन्ह घातलं.

इन्स्पेक्टर बाई घरातल्या ऑफिसात शिरल्या. टीव्हीवर बातम्या चालू होत्या, आवाज बंद. टेबलावर एक लाल दिवा. त्याचं बटण दाराबाहेर, चौकटीला.

दिवाणखान्यात उपनगराध्यक्ष डोळे पुसत होता. साहेबांनी हाताला धरून वर आणलेला, आणि जन्मभर 'उप'च ठेवलेला.

"मॅडम, मी सकाळी आलो, दारावर टकटक केली. साहेब आतून म्हणाले, 'कामात आहे, नंतर ये.' आल्या पावली परत गेलो."

"बटण नाही दाबलंत?"

"ते नोकरांसाठी असेल. मी घरचा माणूस."

"मग घरात कोण उरलं?"

"वहिनी. पण मी काही म्हणत नाही हं!"

न म्हणता त्याने सगळं म्हटलं होतं.

साहेबांची बायको स्वयंपाकघरात होती. बाईंच्या अगदी समोर येऊन, ओठ नीट हलवत, एकेक शब्द सुटा करून ती बोलली. "मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते."

"कोणी पाहिलं?"

"कपड्यांनी."

"तो लाल दिवा कशाला?"

तिचा चेहरा उतरला. "बेड्या घाला हवं तर. ते विचारू नका."

बाई तडक दिवाणखान्यात परतल्या.

"साहेब ठार बहिरे होते," त्या म्हणाल्या. "सगळीकडे कौतुक व्हायचं, समोरच्याच्या तोंडाकडे एकटक बघत ऐकतात म्हणून. ते ओठ वाचत होते. म्हणून टीव्ही मुका, म्हणून टकटकीऐवजी दिवा, म्हणून वहिनींचं असं बोलणं. तुमच्या टकटकीला उत्तर देणारा माणूस त्या खोलीत नव्हताच. मेलेल्याला बोलतं करायची गरज फक्त मारणाऱ्याला पडते."

"बहिरे? काहीतरीच! सभेत मी कायम त्यांच्या शेजारी बसायचो!"

"शेजारी. समोर नाही."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"पण दर निवडणुकीत मी त्यांच्या कानात सांगायचो, पुढच्या वेळी मला उभं करा. ते मान हलवायचे! आणि काल जाहीर केलं, पुन्हा मीच उभा राहणार. शब्द फिरवला म्हणून तर मी..."

तो थांबला. उशीर झाला होता. हवालदाराने त्याचा दंड धरला.

"एका वाक्यात सुटला असतात," बाई साहेबांच्या बायकोला म्हणाल्या.

"शपथ घातली होती त्यांनी. बहिऱ्याला कोण मत देतं?"

"आणि लोकांच्या तक्रारी?"

"ओठांवरून सगळं कळायचं नाही. मी बाजूला बसून ऐकायचे. संध्याकाळी त्यांना सांगायचे." ती जरा घुटमळली. "सांगण्यासारखं असेल तेवढं."

फाटकाबाहेर लोक जमले होते. एका म्हातारीने बाईंचा हात घट्ट धरला.

"देवमाणूस हो! माझ्या नळाचं दर वेळी शांतपणे ऐकून घ्यायचे."

"पाणी आलं का आजी?"

"नाही अजून. पण मान हलवली होती त्यांनी."

बाईंनी मागे वळून पाहिलं. साहेबांच्या बायकोने खिडकीचा पडदा ओढून घेतला.