वगळलेलं वाक्य

नदीकाठच्या वस्तीतला जुना भोंगा उतरवून आणायचा, एवढंच काम होतं. धरणाच्या सूचना आता मोबाइलवर येणार, असं साहेबांनी ठरवलं होतं. वायरमननं भर दुपारी खांबाला शिडी लावली आणि आधी तार कापली.

भोंग्यातला आवाज त्याच्या बायकोचा होता. ती धरणाच्या कचेरीत निवेदिका होती. तिनं रेकॉर्ड केलं होतं, "पाणी येतंय. घर सोडा." लोक उगाच घाबरतील म्हणून साहेबांनी ते वगळलं आणि तिच्याच तोंडून वदवून घेतलं, "घरातच थांबा. काळजीचं कारण नाही." गेल्या वर्षी पाणी चढलं, तेव्हा ती दारोदार फिरून जीव तोडून सांगत होती, बाहेर पडा. लोकांनी खांबाकडे बोट दाखवलं. "अहो बाई, तुम्हीच तर थांबा म्हणताय." त्यांच्याबरोबर तीही वाहून गेली. साहेबांचं काय वाकडं झालं? बढती झाली.

भोंगा हातात आला. कापलेली तार खाली लोंबत होती. उन्हात तापलेला पत्रा एकाएकी गार पडला, आणि ओल्या चिखलाचा वास आला.

"पाणी येतंय..." भोंगा हलकेच बोलला. "घर सोडा..."

तो भराभर शिडी उतरला. त्याची मुलगी याच वस्तीत, त्याच्या बहिणीकडे होती. त्यानं कचेरीत फोन लावला.

"वरून काही आलेलं नाही," कारकून म्हणाला. "आलं की मोबाइलवर येईलच."

तो ओरडत पळत सुटला. लोकांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. "मेसेज कुठाय?" एकानं विचारलं. बाकीचे हसले. बायको गेल्यापासून याचं डोकं ठिकाणावर नाही, हे सगळ्यांना ठाऊकच होतं.

मुलगी चपला घालून दारातच उभी होती. तिला कडेवर घेऊन, बहिणीला अक्षरशः ओढत तो टेकडीवर चढला. मागे वळून पाहिलं तर वस्तीच्या जागी गढूळ पाणी फिरत होतं.

तेवढ्यात त्याचा आणि बहिणीचा मोबाइल एकदमच वाजला. बायकोच्या आवाजातली तीच जुनी सूचना आली, "घरातच थांबा. काळजीचं कारण नाही."

त्यानं मोबाइल दगडावर आपटला. मुलीला जवळ घेतलं, तर तिची वेणी ओली लागली. रिबिनीला चिखल होता.

"वेणी तू घातलीस?" त्यानं बहिणीला विचारलं.

"नाही रे दादा... सकाळपासून ती केसांना हात लावू देत नव्हती."

"आईनं घातली," मुलगी म्हणाली. "म्हणाली, बाबा शिडीवरून उतरतायत, चपला घाल."

मग ती पाण्याकडे कान देऊन ऐकत राहिली.

"बाबा... आई अजून दारं वाजवतेय."