चेहरा तेवढा बदला

तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरच्या चौदा तारखेला, गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला चित्रकार माझ्या कारकुनी टेबलाशी आले आणि पालिकेच्या सभागृहाची चावी मागू लागले. थांबा पोरांनो, आधी चित्रकार कोण ते सांगतो, मग घाबरा.

या गृहस्थांनी चार मंत्री, दोन न्यायाधीश आणि एक कुलगुरू रंगवले होते. मोठ्या माणसाचा चामखीळ लहान करावा, पण काढू नये, नाहीतर घरचे ओळखत नाहीत, असं त्यांचं शास्त्र होतं. हा सगळा डोलारा मात्र उभा होता आबांच्या जिवावर. आबा म्हणजे आमचे जुने नगराध्यक्ष. चित्रकार दुकानांच्या पाट्या रंगवत होते, तेव्हा आबांनी त्यांना बोलावलं आणि स्वतःची पाठ धरलेली असताना आबा अकरा दिवस रोज दोन-दोन तास त्यांच्यासमोर न हलता बसले. चित्रकारांना ते लाडाने रंगोबा म्हणायचे. ते चित्र सभागृहात लागलं आणि रंगोबाचं नशीब उघडलं.

आता आबा दोन महिने दवाखान्यात बेशुद्ध होते. नव्या अध्यक्षांना ते चित्र फार आवडायचं. इतकं, की ते त्यांना स्वतःचंच हवं होतं. खुर्ची छान आहे, कोट छान आहे, गुडघ्यावरचा हात तर फारच छान आहे, म्हणाले; चेहरा तेवढा बदला. बदल्यात राजधानीतल्या सर्वांत मोठ्या साहेबांचं चित्र काढायचं काम मिळवून देण्याचा शब्द दिला. चित्रकारांनी एक दिवस विचार केला आणि हो म्हणाले. म्हातारा थोडाच उठून बघायला येणार आहे, असं मला वर म्हणाले. मी रजिस्टरात लिहिलं: तसबिरीची स्वच्छता.

काय म्हणालीस? मी काही बोललो नाही का? नाही. माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

पुढचं चित्रकारांनीच मला सांगितलं. आबांच्या चेहऱ्यावर नवा चेहरा चढवायला त्यांना चार तास लागले. अकराला दहा कमी असताना ते दोन पावलं मागे सरले. काम चोख झालं होतं.

मागे व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची करकरली.

पहारेकरी असेल, असं वाटलं त्यांना. मग पहारेकरी फाटकावर असतो हे आठवलं.

“रंगोबा...”

ते वळले नाहीत.

“मान सरळ आहे ना माझी?”

“हो, आबा.” तोंडातून आपोआप गेलं.

“अजून राहिलंय का?”

“थोडं...”

“मग बसतो. घाई करू नकोस.”

दिवे चालू होते. सगळे. अंधार असता तर बरं झालं असतं, असं चित्रकार म्हणाले. ते चित्राकडे पाठ करून, ओल्या रंगाला न टेकता, हात पसरून उभे राहिले, डोळे गच्च मिटून. किती वेळ गेला कोण जाणे.

“दाखव.”

...

“दाखव की. माझंच आहे ना?”

चित्रकारांनी हात आणखी पसरले.

पावलं वाजली. पाठ धरलेल्या माणसाची. एक... मग थांबून दुसरं. व्यासपीठाची पायरी. फरशी. अगदी शेजारी येऊन थांबली. कुणीतरी श्वास घेतला. सोडलाच नाही.

“...अस्सं.”

एवढंच. मग कानामागे हलकासा आवाज आला. काहीतरी घासल्याचा. सावकाश. वरून खाली... वरून खाली...

ते पळाले ते थेट माझ्या दारात. पहाटे आम्ही दोघं गेलो. नवा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत पुसून काढला होता, बोटाच्या रुंदीचे पट्टे ओढून. खालून आबा बघत होते. ओला रंग सुक्या रंगावरून पुसता येतो, त्यात नवल नाही. पुसला कुणी, एवढाच प्रश्न. चित्रकारांनी रंगांचा डबाही आवरला नाही. त्यानंतर त्यांनी कुणाचंच चित्र काढलं नाही, राजधानीतल्या साहेबांचंही नाही.

आठ वाजता कळलं, आबा रात्री सव्वाअकराला गेले. दुखवट्याचं पत्र द्यायला ऑफिसने मलाच पाठवलं. दवाखान्याच्या खोलीत आबांचे दोन्ही मुलगे एकमेकांकडे पाठ करून उभे होते. थोरल्याने मला बाजूला घेतलं.

“धाकट्याने रात्री बाबांचा अंगठा घेतलाय, इस्टेटीच्या कागदावर. तुम्ही कागदातले, तुम्हीच बघा.”

आणि त्याने चादर उचलली.

मी छत्तीस वर्षं लोकांचे अंगठे घेतले आहेत. ठशाची शाई निळी असते, नाहीतर काळी. आबांच्या अंगठ्याला लागलेला रंग कातडीचा होता. पण आबांच्या कातडीचा नाही. आबा सावळे होते. नवे अध्यक्ष गोरेपान आहेत.

मी बोट लावून पाहिलं. अजून ओला होता...