मुकी कॅसेट

स्टुडिओत सगळे त्याला खुडबुड्या म्हणायचे. कामच तसं होतं, सिनेमात आवाज भरायचं. पडद्यावर कुणी चाललं की हा मातीच्या ट्रेमध्ये बूट आपटणार, कुणाचं हाड मोडलं की हा काकडी मोडणार. आणि लोक हाडच ऐकायचे, तोंडं वाकडी करून! "डोळ्याने सांगितलं की कान मुकाट्याने ऐकतो," असं तो ऐटीत सांगायचा.

रविवारी दुपारी धाकटी बहीण घरातली जुनी व्हिडिओ कॅसेट घेऊन स्टुडिओत आली. त्यात आई होती, दोरीवर कपडे वाळत घालणारी. कॅसेटचा आवाज कधीच उडाला होता.

"दादा, आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते. तिच्या बांगड्या तरी ऐकव मला."

"मला तरी काय आठवतंय? ओरडायची तेवढं."

"तेही माझ्या वाट्याला नाही आलं."

त्याने कॅसेट लावली. तिला पडद्यासमोर बसवलं. स्वतःच्या मनगटात बांगड्या चढवल्या, ओली चादर उचलली. आईने झटकली, त्याने झटकली. ती वळली, त्याने टाच घासली. सगळं बरोब्बर जुळत गेलं. मग पडद्यावर आईचे ओठ हलले.

"दादा, तू बोललास?"

"मी कशाला बोलू?"

पण त्यानेही ऐकलं होतं. किंचित घोगरा, शेवटचा शब्द लांबवणारा आवाज. आईचाच. त्याने डोळे मिटून पाहिले. नुसत्या बांगड्या. उघडले, की पुन्हा ती. अंगावर सरसरून काटा आला, पण भीती अशी वाटेना. उलट गुडघे टेकावेसे वाटले.

"डोळे मिटू नकोस," तो कसाबसा म्हणाला. "मिटलेस की जाते ती."

धाकटी पापणी न लववता बघत राहिली. डोळे लालबुंद झाले, पाणी गळायला लागलं. त्याचे हात भरून आले. बांगड्या थांबल्या.

आवाज थांबला नाही.

"किती ताणशील गं डोळे," आई म्हणाली. "मीट बघू."

"नाही मिटणार. तू जाशील."

"मीट म्हणते ना!"

धाकटी रडता रडता हसली. तिने डोळे मिटले.

पडद्यावर आईने चादर खाली ठेवली. पदराला हात पुसले. दोन्ही हात सावकाश पुढे केले.

त्याने बहिणीकडे पाहिलं. तिच्या मिटलेल्या पापण्यांवर दोन लहानसे खळगे पडले होते, बोटं टेकल्यावर पडतात तसे.