गुलाबी पट्टीची बॅटरी

"अवो, बॅटऱ्या अशा उघड्या आणत्यात व्हय कुणी? टोकाला टोक लागलं तर जीपच पेटंल!"

मी त्याच्यावर ओरडले, आणि अमरनाथची आणि माझी ओळख ही अशी, भांडणानं झाली. त्याचं लोहाऱ्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान. आमची जळकोटला हायवेला लागून शेड. जुन्या बॅटऱ्या आम्ही मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतो, उरलासुरला करंट उतरला की फोडतो आणि आतली काळी पूड कारखान्याला पाठवतो. तिच्यातून कोबाल्ट, निकेल, लिथियम निघतं. माझे वडील, अण्णा, येईल त्याला ऐकवतात, "कचऱ्यातलं सोनं हाय हे!"

पुढच्या खेपेला प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी. तीही गुलाबी!

"गुलाबीच का?"

"तुमच्या ओढणीला... म्हंजे — दुकानात तेवढीच होती."

खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. मला ते फार आवडायला लागलं. तो डबाभर बॅटऱ्या घेऊन यायचा, चहा गार होईपर्यंत कप धरून बसायचा आणि मूग गिळून परतीची जीप पकडायचा. असा राग यायचा मला!

इकडे लातूरचं स्थळ आलेलं. रविवारी पाहुणे मला बघायला येणार होते. हा काही बोलेना, मग अण्णांना मी नाही म्हणणार ते कुणाच्या भरवशावर?

शुक्रवारी तो डबा ठेवून निघाला. मी रागारागानं पट्ट्या सोलून बॅटऱ्या पाण्यात टाकत सुटले. एक हाताला लागली ती कोरी करकरीत. मीटर लावला... फुल चार्ज!

"अवो, थांबा! ही तर चांगली हाय. भंगारात कशी?"

तो दारातच वळला. कान लालभडक.

"ती तुमच्या फोनसाठी आणलीय. शेडच्या पाटीवरचा नंबर लावतो, तर तुमचा फोन सारखा बंद..."

"कशाला लावत होता?"

"रविवारचं कळलं. एक इचारायचं होतं."

"मग हातात द्यायची सोडून डब्यात टाकली? आत्ता बुडवली असती म्या!"

"धीर झाला न्हाय."

"आता इचारा."

समोर जमेनाच त्याला. मी फोन उघडून ती बॅटरी बसवली. तो बाहेर लिंबाखाली गेला, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, आणि माझा फोन वाजला.

"शिवांजली... मला तुमी लई आवडता. लगीन कराल माझ्याशी?"

हसू आणि रडू एकदमच आलं. "इकडं बघून बोला की!"

तो वळला. "कराल?"

"व्हय. रविवारी आई-वडलांना घेऊन या."

आतून अण्णांनी हाक दिली, "कुणाचा फोन गं?"

"पाहुण्यांचा, अण्णा. रविवारी यायलेत."

"लातूरचे?"

लिंबाखाली तो अजून कानाला फोन धरून उभा होता.

"न्हाय," मी मोठ्यानं म्हणाले, "लोहाऱ्याचे."

आतून अण्णांच्या हसण्याचा आवाज आला.

"तो गुलाबी पट्टीवाला? त्याला म्हणावं, रविवारी तरी भंगार आणू नको!"