राखेतले वाल

"गेलं! मडकं गेलं!" देवेश गच्चीवरून ओरडत खाली आला. समृद्धी आणि नयन सायकलींत हवा भरत होते, ते तसेच थांबले.

बाळकुमच्या त्या टॉवरमध्ये सुट्टीत याहून वाईट बातमी आली नसेल! देवेशच्या आत्याच्या, आवडाबाईच्या, शेतातले ते शेवटचे वाल. पाडव्यानंतर शेत बिल्डरकडे गेलं. त्याआधी, उन्हात शेंगा तडकू नयेत म्हणून तिघांनी तिच्यासोबत पहाटेच्या दवात वेल उपटले होते. शेंगा वाळवून बडवल्या होत्या. कीड लागू नये म्हणून आत्याने बी राखेत कालवून मडक्यात भरलं, तोंडाला देवेशच्या जुन्या शर्टाचं पांढरं फडकं बांधलं आणि उंदरांच्या भीतीने गच्चीच्या दाराशी टांगलं. तिघे वर धावले, तर तिथे नुसती दोरी लोंबत होती. आत्या दोरीखाली डोक्याला हात लावून बसलेली पाहून तिघांना रडूच यायला लागलं.

"चोराला वाल कशाला?" नयन म्हणाला.

"टांगलेलं मडकं, राख, पांढरं फडकं..." समृद्धी दचकली. "अरे, कुणाला अस्थी वाटल्या असतील!"

सोसायटीचे सेक्रेटरी सर्वेशकाका अशा गोष्टींना फार घाबरत. तिघे तोंड पाडून त्यांच्या दारात उभे राहिले.

"काका, गच्चीतल्या मडक्याला ज्याने हात लावला, त्याला म्हणे तेरा दिवस सुतक!"

"काहीतरीच! मी लगेच डोक्यावरून आंघोळ केलीय!" काका बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

मडकं पाण्यात सोडायला ते खाडीवर गेले होते. धीर झाला नाही, म्हणून तिथल्या पिंपळाला टांगून आले. कुणाला विचारलं मात्र नव्हतं!

तिघे खाडीवर धावले, तर पिंपळाला तीन मडकी टांगलेली होती.

"आपलं सोडून बाकीच्यांना हात लावू नका रे, त्यांत खऱ्याच अस्थी असतील," समृद्धी हळूच म्हणाली.

"ते बघ! माझ्या खिशावरचा शाईचा डाग!" देवेशने फांदीवर चढून मडकं उतरवलं. आत वाल खुळखुळले.

संध्याकाळी काकांनी सगळ्यांसमोर स्वतःचे कान धरले. "चूक माझी. पोरांनो, शाबास!"

"शानी पोरं माजी," आत्या म्हणाली.

"आत्या, पण पेरणार कुठे?" नयनने विचारलं. देवेशने त्याला कोपर मारलं.

"टिटवाल्याला, लक्षुमीबहिनीकडं. तिचा तुकडा हाय अजून." आत्याने फडक्याची गाठ आवळली. "तोपन विकाया काढलाय."

समृद्धीने मार्कर आणून फडक्यावर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं. आत्याला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंस गं?"

"वालाचं बी. जिवंत आहे."

तेव्हा कुठे आत्या रडली.