चोवीस शब्दांचे वीस बॉड

शेरांचे किलो झाले, आण्यांचे नवे पैसे झाले आणि एकोणीसशे त्रेसष्टच्या माघात तारेच्या वेगाचेही माप बदलले. अमरावतीच्या कापूस बाजारामागील एका दुय्यम तारघरात टेलिप्रिंटर बसणार होता. अकोल्याकडची मोर्सची जुनी तार शनिवारी कायमची तोडायची होती. त्यापूर्वी प्रत्येक तारेचा वेग नव्या मापात तक्ता करून लिहून द्यावा, असा निरीक्षक उत्तमरावांचा हुकूम होता.

हे काम तारमास्तर नारायणाकडे आले. जुने माप मिनिटाला किती शब्द, हे होते. नवे माप बॉड. म्हणजे मोर्सच्या एका टिंबाएवढे, आखूड ठोक्याएवढे, किती तुकडे एका सेकंदात मावतात, ती संख्या. शब्दांना पाचाने गुणून सहाने भागले की बॉड निघत. नारायणाचा हात चोवीस शब्दांचा होता. त्याचे वीस बॉड झाले.

तार घेणाऱ्याने अक्षरे घ्यावीत, अर्थ घेऊ नये, ही त्या धंद्याची शिस्त होय. अर्थाकडे लक्ष गेले की हात अडखळतो. नारायणाचा हात कधी अडखळला नव्हता.

दोन वर्षांपूर्वीच्या माघात, कापसाच्या भावांच्या तारा धो धो येत असताना, अकोल्याहून अकरा वाजून चाळीस मिनिटांनी एक साधी तार आली. त्याने ती सुवाच्य अक्षरांत उतरवली, पोच दिली आणि वाटपाच्या गठ्ठ्यात ठेवली. तारवाला पुंजाजी गठ्ठा घेऊन सायकलीवर गेला. भावांच्या तारा वाटून झाल्यावर तो राजापेठेतील एका घरी पोचला, तर दाराला कुलूप. शेजारच्या पार्बताबाईला त्याने विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अरे, तो मानूस त तुह्याच हाफिसात बसते."

दोन वाजून चाळीस मिनिटांनी पुंजाजीने ती तार नारायणाच्या मेजावर ठेवली.

"मास्तर, तुमचीच हाये. घराले कुलूप होतं."

कुंदा, त्याची पत्नी, पहिल्या बाळंतपणासाठी अकोल्याला माहेरी गेली होती. तिची प्रकृती चिंताजनक असून ताबडतोब निघावे, असे त्या कागदावर त्याच्याच हस्ताक्षरात लिहिलेले होते. तो सायंकाळी पोचला. कुंदा दोन चाळीसला गेली होती आणि मूल पोटातच राहिले होते. सासरे एवढेच म्हणाले की अमरावतीची पोच मिळाल्याचे त्यांनी तिला सांगितले होते, म्हणून ती दाराकडे पाहत राहिली.

तेव्हापासून नारायणाला काहीही होत नसे. तो जेवत असे, झोपत असे, तारा घेत असे. डोळ्यांतून पाणी आले नाही, म्हणून लोकांनी त्याला धीराचा म्हटले.

सोमवारी त्याने तक्त्याचे काम आरंभिले. रिकाम्या तारेचीही नोंद हवी होती. त्यासाठी, अक्षरे घ्यायची नसताना, तो प्रथमच साउंडरपाशी कान देऊन बसला. साउंडर म्हणजे ठोके ऐकवणारे पितळी यंत्र. आवाज घुमावा म्हणून त्यामागे तंबाखूचा पत्र्याचा डबा टेकवलेला असे. अकरा चाळीसला त्या डब्यातून बारीक टकटक उमटू लागली. ते कोणतेही अक्षर नव्हते. एकामागून एक टिंबे येत होती. नीट ऐकता दोन चाली निघाल्या, एक संथ आणि एक जलद.

त्याने कळ दाबून अकोल्याला विचारले. आमच्याकडून काही नाही, असे उत्तर आले. उत्तमरावांच्या मते ती ओल्या खांबांतून होणारी विजेची गळती होती. बाहेर तीन आठवडे पाऊस नव्हता.

घड्याळ लावून नारायणाने मोजले. संथ चाल दोन पूर्णांक चार बॉड, जलद तीन पूर्णांक सहा. टिंब आणि त्यामागचा विराम मिळून दोन तुकडे. तेव्हा मिनिटाला बहात्तर ठोके आणि एकशे आठ ठोके. दुपार चढली तशी संथ चाल मंदावली आणि दोन चाळीसला थांबली.

जलद चाल थांबली नाही.

मंगळवारी तसेच झाले. बुधवारीही.

पार्बताबाई प्रसूतिगृहात दाई होती. बुधवारी सायंकाळी ती ओसरीवर तूर निवडत असता नारायणाने तिला, कशाचे ते न सांगता, दोन्ही आकडे सांगितले.

"बहात्तर म्हनजे धडधाकट बाईची नाडी," ती म्हणाली. "अन् एकशेआठ लेकराचे."

"पोटातल्या?"

पार्बताबाईचा हात सुपात थांबला.

"नाई. पोटातलं त घोड्यावानी पयते, एकशेचाळीस. एकशेआठ म्हनजे दोन वर्साचं. आंगनात खेयते एवढं. काहून इचारून राहिले, मास्तर?"

नारायणाने तक्त्याचे काम आहे म्हणून सांगितले.

गुरुवारी त्याने उत्तमरावांकडे जाऊन अकोल्याची तार आणखी काही दिवस ठेवावी अशी विनंती केली. ते हसले. रिकामी तार ठेवून काय ऐकणार, असे त्यांनी विचारले. अकरा चाळीसला तो पुन्हा साउंडरपाशी जाऊन बसला.

शनिवारी अकरा वाजता कामगारांनी खांबावरील तार उतरवली, बॅटरी काढली. साउंडर भंगारात निघाला. तो मला द्यावा, असे नारायण म्हणाला. उत्तमरावांनी खांदे उडवले आणि सही केली.

पुंजाजीने तो फडक्यात बांधून दिला. गाठ मारता मारता तो थबकला.

"मास्तर, हे गरम हाये."

अकरा चाळीस झाले होते.

घरी नारायणाने साउंडर फळीवर ठेवला, मागे डबा टेकवला. तार नव्हती, बॅटरी नव्हती. तो समोर बसला.

फक्त जलद चाल होती.

तारघरात दिलेल्या तक्त्यात अकोल्यापुढे त्याने लिहिले होते: वीस बॉड, बंद. घरचा तक्ता त्याने वेगळ्या वहीत आखला. एकोणीसशे त्रेसष्टपुढे तीन पूर्णांक सहा लिहिले. पुढच्या माघात पुन्हा मोजून, त्याखाली तीन पूर्णांक पाच.

त्रेसष्टच्या वरच्या दोन ओळी त्याने मोकळ्या सोडल्या होत्या. ती दोन वर्षे ठोके येतच होते. तो अक्षरे घेत होता.